मालकाच्या वजनाचे पाटे

काष्टीच्या बाजारात कुणालाही विचारलं, पाटेवाला मिस्त्री कुठं बसतो म्हणून; समोरचा आधी हसायचा आणि मग उलट विचारायचा, "काम करून घ्यायचंय का भांडायचंय?" आता दोन्हीला रस्ता एकच. श्रीगोंद्याच्या रोडला, जनावरांचा बाजार भरतो त्याच्या कडेला चार बांबू, वर पत्रा, खाली भट्टी आणि ऐरण. त्या धगीत एक काटकुळा माणूस उभा. अंगात कडक इस्त्रीची खाकी हाफ पँट, पायात पॉलिश केलेले लष्करी बूट. भट्टीपुढं पॉलिशचे बूट! मी एकदा विचारलं तर म्हणाला, "लोखंडापुढं गबाळ्यासारखं हुबं ऱ्हायचं? त्येला काय वाटंल?"

मोटारीच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांचा कमानीसारखा थर असतो ना, त्याला आमच्याकडं पाटे म्हणतात. खड्ड्याचा दणका पाटा खातो म्हणून वर बसलेल्याची कंबर वाचते. पाट्याची कमान गेली की गाडी मागून बूड टेकते. मग लोक काय करतात, तर ट्रकच्या पाट्याच्या दोन जाड पट्ट्या, पानं म्हणतात त्यांना, आत घुसडतात. गाडी उंच होते, मालक खूश होतो आणि पहिल्या खड्ड्याला डोकं छपराला आपटतं. मिस्त्रीला या उद्योगाची अशी चीड होती, की ट्रकचं पान घातलेला पाटा हातात आला की तो आधी थुंकायचा, मग बोलायचा.

नगरच्या लष्करी वर्कशॉपात त्यानं बावीस वर्षं पाटे ठोकले होते. छप्पन साली बौद्ध झाला, पुढं नोकरी संपल्यावर काष्टीला आला आणि रोडच्या कडेला भट्टी पेटवली. मूळचा मात्र तो आमच्याच गावचा. ते पुढं सांगतो.

त्याची एक तऱ्हा असेल तर सांगावी. माणसांना तो नावानं हाक मारायचाच नाही, वाहनानं मारायचा. "या टेम्पो, बसा." "जीप, तुमाला उद्या." बैलगाडीच्या धुरीचं काम घेऊन आलेल्या म्हाताऱ्यालाही "बैलगाडी, पानी घ्या" म्हणायचा. मी रावसाहेबी थाटाच्या मालकांचा ड्रायव्हर, म्हणून मी 'मोटार'. शेवटपर्यंत मोटार. माझं नाव त्याला माहीत होतं की नाही, देव जाणे.

दुसरी तऱ्हा खडूची. गाडी आली की हा आडवा होऊन खाली बघायचा, उठायचा, हात पुसायचा आणि मडगार्डवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहायचा, 'दोष : ड्रायव्हर'. नाहीतर 'दोष : मालक'. नाहीतर 'दोष : रस्ता'. काम संपेपर्यंत ते पुसायचं नाही. एका ट्रकवाल्यानं पुसलं, तर त्याचं चाक खोलून तसंच ठेवलं आणि हा जेवायला बसला. पण एक सांगतो, त्यानं बसवलेला एका जीपचा पाटा महिन्यात तुटला, तेव्हा त्याच खडूनं त्यानं लिहिलं होतं, 'दोष : मिस्त्री'. चार दिवस ती जीप तशी बाजारभर दिसत होती. असा माणूस भांडायला सोपा नसतो हो.

तिसरी तऱ्हा पाण्याची. दारात माठ होता. माठातलं पाणी प्यायल्याशिवाय काम सुरू नाही. बोलून दाखवायचा नाही, नुसता तांब्या पुढं करायचा आणि बघत राहायचा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चैत्राचं ऊन, घसा कोरडा ठाक. तांब्या पुढं आला. आणि मी, शेतकऱ्याच्या घरचा, आईनं काय काय सांगून वाढवलेला, पटकन म्हणालो, "आज माझा उपास आहे."

"कंचा?"

"गुरुवारचा."

"आज बुदवार हाय," मिस्त्री म्हणाला. "आन् उपासाला पानी चालत न्हाई हे कुन्या देवानं सांगितलं?"

भट्टीमागून त्याची बायको एवढ्या मोठ्यानं हसली, की मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मी चालता झालो. रेल्वेच्या फाटकापर्यंत गेलो, पण तहान काही फाटकाशी थांबली नाही. परत आलो, दोन तांबे प्यालो. लाज अजून वाटते, पाणी प्यायल्याची नाही, आधी न प्यायल्याची. मिस्त्री म्हणाला, "आता सांगा मोटार, काय आवाज येतोय?"

बायको हा त्याचा अर्धा धंदा होता. उंच, थोराड हाडाची बाई. मिस्त्री लालभडक पान सांडशीत धरायचा आणि छोट्या हातोडीनं जिथं टिचकी मारायचा, नेमकी तिथं ही घण हाणायची. एक टिचकी, एक घण. मध्ये शब्द नाही. घण थांबला की मात्र दोघांची जुंपायची.

"अवं, त्यो टेम्पोवाला सकाळधरनं बसलाय, त्येचं बगा की!"

"तेलात पान हाय. लोखंडाला घाई करू नकू. तुला केली हुती का म्या कदी घाई?"

"घाई करनाराचं तोंड तरी हाय का तुमचं!"

काम बघायला मी उगाचच थांबायचो. पाट्याच्या दोन्ही टोकांच्या डोळ्यांतून, म्हणजे गोल भोकांतून, तो दोरी ताणायचा, दोरीपासून कमान किती वर आहे ते बोटांनी मोजायचा. तेलात विझवलेलं पान परत मंद तापवायचं, मग त्यावर कापसाची वाळकी पळकाटी घासायची. काटीतून धूर येऊन बारीक ठिणगी उठली की ताव बरोबर. मीटर नाही, काटा नाही. मी म्हटलं, चुकत नाही का कधी? म्हणाला, "चुकतंय की. खडू कशाला ठेवलाय?"

आता मालकांच्या गाडीचं सांगतो, कारण मिस्त्री म्हटलं की मला तीच गाडी दिसते.

आमचं गाव काष्टीपासून तीन मैल. मालक म्हणजे दोन विहिरींचं बागायत, दारात नोकरचाकर, आसपासच्या ग्रामपंचायती शब्दाबाहेर नाहीत. गाडी त्यांच्या वडलांनी स्वातंत्र्याच्या आधी एका साहेबाकडून घेतलेली, काळी, लांब, पुढं मोठ्या डोळ्यांचे दिवे. मी तिला जिवापाड जपायचो. पण मालकांनी लग्नाकार्याला आठआठ पाव्हणे कोंबून, बियाणाची पोती लादून तिचे मागचे पाटे सपाट करून टाकले. नगरच्या एका ट्रक गॅरेजात त्यांच्याच हुकुमानं ट्रकची पानं घातली गेली. नको म्हणायची माझी छाती झाली नाही. मग एक दिवस मामलेदारांना शेजारी बसवून मालक दुष्काळी काम बघायला निघाले. बहात्तरचा दुष्काळ, रस्त्यारस्त्याला खडी फोडायची कामं. फाटकाच्या रुळांवर गाडी उडाली, मालकांचं डोकं छपराला आदळलं, आणि त्यांची टोपी उडून थेट मामलेदारांच्या मांडीवर. खडी फोडणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. दुसऱ्या दिवशी मालक मला म्हणाले, "काष्टीच्या त्या पाटेवाल्याकडं टाक गाडी. आठ दिवसांत पाहिजे."

मिस्त्री गाडीखाली गेला, बाहेर आला आणि गाडीकडं बराच वेळ बघत उभा राहिला. मग खडू घेतला. 'दोष : मालक'.

"मिस्त्री, एवढं नका लिहू," मी हात जोडले. "निदान आतल्या बाजूला लिहा."

"आतल्या बाजूला कोन वाचनार?"

त्यानं गाडी ठोकळ्यांवर चढवली, ट्रकची पानं उपसून काढली आणि नव्यानं सगळं घडवलं. नवरा-बायको सहा दिवस घाम गाळत होती. असे पाटे मी आयुष्यात पाहिले नाहीत. पान पानावर असं बसलेलं, की मध्ये केस जाणार नाही. आणि सगळं जोडून झाल्यावर मिस्त्रीनं पाना खाली ठेवला.

"आता मालकाला आन."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? शेवटचे बोल्ट गाडीवर वजन असतानाच आवळायचे असत्यात. रिकाम्या गाडीत आवळले की आतलं रबर पिळतंय आन् महिन्यात फाटतंय. मागं कोन बसतंय? मालक. मंग मालकानं येऊन बसायचं. म्या खालून आवळतो. घटकाभराचं काम."

यात खोटं काहीच नव्हतं. वर्कशॉपात तसंच शिकवतात. पण जीपवाल्याला त्यानं दोन दगड ठेवून भागवलं होतं, ते मी या डोळ्यांनी पाहिलं होतं. तसं बोललो, तर म्हणाला, "जीपवाला दगडासारखाच बसतोय. तू जा, निरोप सांग."

मी निरोप सांगितला. मालक आधी हसले. मग त्यांचं हसू गेलं.

"त्याचा बाप ह्याच गाडीपुढं पळायचा, माहितीये तुला? गावात शिरताना वाट मोकळी करत. आणि आता मी त्याच्या दारात जाऊन, बाजारात, गाडीत बसून दाखवायचं?" त्यांनी गडी बोलावला. "शंभर किलोचं ज्वारीचं पोतं घाल बैलगाडीत. माझं वजन तेवढंच आहे. म्हणावं, हे बसव सीटवर."

दुष्काळात भरल्या पोत्यासह मी काष्टीत शिरलो, तेव्हा माणसं पोत्याकडं अशी बघत होती की मला मान वर करवेना. मिस्त्रीनं पोत्याभोवती एक फेरी मारली.

"ह्ये मालक व्हय? बरं दिसत्यात. बारीक झाले जरा."

"ठेवून घ्या की पोतं," बायको म्हणाली. "मालक समजून सांभाळू."

"न्हाई. पोतं परत ने, मोटार. मानूस खड्ड्यात आधी अंग चोरतोय, मंग आदळतोय. पोतं नुसतंच आदळतंय. म्या पोत्यासाठी पाटे ठोकले न्हाईत."

मग मी मालक काय बोलले ते सांगितलं. बापाचंही सांगितलं. सांगायला नको होतं, पण तोंडातून गेलं. मिस्त्री ऐरणीवर बसला. बुटाचा बंद सोडला, परत बांधला.

"बरुबर हाय," तो म्हणाला. "पळायचा. पायात काय नसायचं. घरी आला की माय त्येच्या टाचंतले काटे काढायची. गाडी लई झ्याक पळती म्हनायचा. बसला न्हाई कदी, पन कौतिक त्येलाच जास्ती."

मी पोतं परत नेलं. मालकांनी ऐकून घेतलं आणि थंडपणे म्हणाले, "आठ दिवस. बाजाराच्या दिवशी गाडी दारात आली नाही, तर ते दुकान काष्टीत राहणार नाही. आणि तूही इथं राहणार नाहीस." माझ्या पगारावर घरात पाच तोंडं होती, आणि तसल्या वर्षात दुसरी नोकरी कोण देणार? मी मिस्त्रीच्या अक्षरशः पाया पडायला गेलो. त्यानं पाय मागं घेतले आणि म्हणाला, "बाजारादिवशी गाडी दारात जाईल. ही माझी जबान."

आठ दिवस 'दोष : मालक' जाणारा-येणारा वाचत होता. ज्याला वाचता येत नव्हतं त्याला दुसरा वाचून दाखवत होता.

बाजाराच्या दिवशी मी पोचलो तर गर्दीच झालेली. मिस्त्रीची हाफ पँट नेहमीपेक्षा कडक. बायकोनं धुवट लुगडं नेसलेलं, चेहरा मात्र घाबरलेला. समोरच्या कांद्याच्या आडतीवर मोठा काटा होता. मिस्त्री तिला घेऊन काट्यावर चढला. दोघं मिळून चौऱ्याण्णव किलो भरले.

"मालक शंभर," मिस्त्री म्हणाला. "घण घे हातात."

घण घेतला आणि काटा शंभराला टेकला. आडत्या पोट धरून हसत होता. मिस्त्री हसत नव्हता. त्यानं गाडीचं मागचं दार उघडलं.

"बस."

"अवं, नगं," बाई म्हणाली. "पाय मातीचे हायत माजे."

"बस म्हंतोय. वजन पायजे."

तिनं पदरानं तळपाय पुसले आणि बसली. मांडीवर घण. शेजारी मिस्त्री, मालक बसायचे त्या जागेवर, पाठ ताठ. पाना त्यानं खिडकीतून माझ्या हातात दिला. "मोटार, खाली हो. म्या सांगतो तसं आवळ." मी मालकांच्या घरच्या गाडीखाली उताणा, आणि वरून मिस्त्री सांगतोय, "डावा अर्धा फेरा. बास. उजवा." भीती वाटत होतीच. आणि खरं सांगू? मजाही येत होती. असली मजा मला पुन्हा कधी आली नाही.

बाहेर आलो तर म्हणाला, "आता चालव. दारात न्यायची म्हनलं हुतं ना?"

"तुम्ही उतरा की मग."

"वजनाशिवाय टेस्ट कसली? चालव."

गाडी बाजारातून निघाली. मी तीन मैल घाबरतच चालवली. पण ती गाडी काय चालत होती म्हणता! फाटकाचे रूळ कधी गेले कळलं नाही. आरशात बघितलं, तर बाईचे दोन्ही हात घणावर आणि डोळे मिटलेले. मिस्त्री बाहेर बघत होता. गाव जवळ आलं तसा तो रस्त्याकडं बघायला लागला, गाडीच्या बरोबर पुढच्या धुळीकडं. त्याचे डोळे भरले होते. ते त्यानं पुसलेही नाहीत.

मालक ओसरीवर वेताच्या खुर्चीत बसले होते. गाडी अशी अलगद आली की खुर्चीतूनच ओरडले, "वा! बसले की पाटे!" आणि मग त्यांना काचेतून दिसलं.

मिस्त्री आतून म्हणाला, "मोटार, दार उघड."

मालकांना उघडायचो तसं मी उतरून दार उघडलं. आधी बाई उतरली, घण खांद्यावर टाकला. मग मिस्त्री. त्यानं पँटची इस्त्री हातानं सारखी केली.

मालक माझ्याकडं बघून बोलले. त्यांच्याकडं बघितलंच नाही. "गाडी धू. आतून, बाहेरून. सीट काढून धू."

"टाकीत पाणी नाही, मालक," मी म्हणालो. ही माझी पळवाट. तेवढीच माझी ऐपत.

"टँकरचं घे."

दर तिसऱ्या दिवशी यायचा तो टँकर. वेशीत हंडे मांडून बाया सकाळपासून बसल्या होत्या. मी जागचा हललो नाही. तेवढ्यात मिस्त्री दोन पावलं पुढं झाला.

"धुवा की, मालक. खुशाल धुवा. सीट धुवा, दार धुवा, आमी हात लावला ती काच धुवा. पन बोल्ट आवळलेत माझ्या आन् हिच्या वजनावर. त्ये धुऊन निघत न्हाई. जवर ही गाडी पळंल तवर आमी दोगं हितं बसलेलो हावोत. तुमी येऊन बसला असता तर तुमच्या वजनाचे झाले असते. बोलावलं हुतं तुमाला."

मिस्त्रीनं मडगार्डवरचा खडू आपल्या रुमालानं पुसला. काम झालं होतं ना. मग दोघं रेल्वेच्या फाटकाकडं चालू लागली. मी किल्ली बॉनेटवर ठेवली. गावात नंतर सांगितलं, की मालकांनी काढलं. घरी आईला पटेल असं तेवढंच होतं. मी त्यांच्या मागं निघालो, तर मिस्त्री वळून माझ्यावरच डाफरला, "येड्या, नोकरी सोडलीस? आमची भानगड हुती, तू कशाला मदी पडलास?" आणि बायको म्हणाली, "चालू द्या वो त्येला. त्येला पन पाय हायत."

शब्दाला जागून मालकांनी दुकान उठवलं. आठवड्याच्या आत ग्रामपंचायतीचा माणूस पत्रा काढून गेला. मिस्त्रीनं फाटकाच्या पलीकडं बाभळीखाली भट्टी मांडली आणि पाटी लावली, 'जुनं दुकान, नवी जागा'. त्या जागेवरूनही पुढं त्याला उठवलं. पाटी तीच राहिली. मला तीन महिने घरी बसावं लागलं, मग एका टेम्पोवर लागलो.

मालकांनी गाडी नगरला पाठवली होती, म्हणाले, हे पाटे खोला आणि पुन्हा आवळा. तिथल्या कारागिरानं वाकून बघितलं आणि सांगितलं, खोलू नका, असे परत बसायचे नाहीत. दुसरी गाडी घ्यायचा त्यांना जीव झाला नाही, आणि टोपी पुन्हा उडायला नको होती. शेवटी बसले त्याच गाडीत.

पुढच्या उन्हाळ्यात मी बाभळीखाली माझ्या टेम्पोचं काम घेऊन गेलो होतो. पान लाल झालेलं, टिचकी आणि घण चालू. तेवढ्यात श्रीगोंद्याकडून ती काळी गाडी आली. मागं मालक, समोर बघत, मान अजिबात न वळवता. फाटकाच्या रुळांवरून गाडी पाण्यातून गेल्यासारखी गेली.

मिस्त्रीनं हातोडी थांबवली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला आणि बायकोला म्हणाला, "बग, चाललो आपन."